खोक्यावरचं चित्र

रात्रीचे साडेदहा वाजलेत. मूल केव्हाच झोपलंय. टेबलावर आई थर्मोकोल कापत बसली आहे आणि पुढची पायरी काय, हे वडील फोनवरच्या व्हिडिओत शोधतायत. सुट्टी संपायला एकच दिवस उरलाय आणि शाळेने सांगितलेली ‘सणाच्या सजावटीची वस्तू’ अजून अर्धीच झालीय. सकाळी मूल ती दोन्ही हातांत जपून शाळेत नेतं. बाई कौतुकाने विचारतात, “कित्ती छान! कुणी केलं?” मूल खरं तेच सांगतं, “आईने.”

बालवर्गात शिकवताना हे उत्तर मी अनेकदा ऐकलं. ते देताना मुलाच्या चेहऱ्यावर लाज नसते आणि अभिमानही नसतो. आपला जिच्याशी काही संबंध नाही अशी वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यावी, तशी ते ती देऊन टाकतं आणि खेळायला पळतं. अशा वस्तू करून आणायला सांगणाऱ्यांत काही वर्षं मीही होते. म्हणून जे सांगायचंय ते स्पष्टच सांगते. लहान मुलांच्या सणासुदीच्या हस्तकलेसाठी शाळांनी विकतचं सामान मागू नये, त्या वस्तूंना नंबर देऊ नयेत, आणि पालकांनीही ‘क्राफ्ट किट’ आणून हा विषय मिटवून टाकू नये. पैसे वाचतील हे खरंच आहे. पण माझा मुद्दा पैशांच्या पुढचा आहे. घरात असेल त्यातूनच काहीतरी करायचं म्हटलं की मुलाला विचार करावा लागतो. विकतच्या किटमध्ये तो विचार आधीच दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो.

किट उघडून बघा. आकार कापलेले असतात, छिद्रं पाडलेली असतात, स्टिकरला मागून चिकट कागद असतो. खोक्यावर तयार वस्तूचं चित्र छापलेलं असतं. सगळ्यांत जास्त नुकसान त्या चित्राने होतं. चार वर्षांचं मूल डोळा नाकाच्या खाली चिकटवतं, एरवी ते त्यातच खूश असतं. समोर चित्र आलं की त्याच डोळ्याची चूक होते. मग मोठं माणूस हात पुढे करून म्हणतं, “थांब, मी सरळ लावते.” तिथून पुढे काम मोठ्या माणसाचं होतं आणि मूल बघत बसतं.

याउलट मुलापुढे दोन जुनी मासिकं, धान्याचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा, थोडी सुतळी आणि बोथट टोकाची कात्री ठेवून पाहा. पहिली पाच मिनिटं ते काहीच करत नाही. पुष्कळ पालकांना ती पाच मिनिटं सहन होत नाहीत. त्या वेळात मुलाच्या डोक्यात काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, पण पाचव्या मिनिटाला ते विचारतं, “हा डबा कापू?” हा प्रश्न किटमधून कधीच येत नाही.

खळीचंच, म्हणजे पिठाच्या घरगुती गोंदाचंच घ्या. वाटीभर पीठ आणि चार-पाच वाट्या पाणी. आधी थोड्या थंड पाण्यात पीठ गुठळ्या न राहता कालवायचं, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर हलवत राहायचं. आचेजवळचं काम मोठ्यांनी करायचं, पण कालवणं मुलाचं आणि बघणंही मुलाचंच. बराच वेळ ते पांढरं पाणी पांढरं पाणीच राहतं. मग अचानक चमचा जड होतो, रंग किंचित पारदर्शक होतो आणि पाण्याची खळ होते. साठ-सत्तर अंशांच्या आसपास पिठातल्या स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून हे घडतं. मुलाला हे वाक्य सांगायची गरज नाही. पातळ गोष्ट तापवल्यावर घट्ट झाली, एवढं त्याने स्वतः पाहिलेलं असतं, आणि बर्फ वितळताना याच्या उलट घडतं हे त्याला आधीच ठाऊक असतं. या दोन गोष्टी एकमेकींशी जुळत नाहीत हे त्याच्या लक्षात आलं की प्रश्न सुरू होतात. गोंदाची बाटली विकत आणली तर ही सगळी सकाळ हातची जाते.

मिठाच्या कणकेचंही तसंच. दोन वाट्या पीठ, एक वाटी मीठ, आणि गोळा हाताला चिकटेनासा होईपर्यंत बेताने घातलेलं साधारण वाटीभर पाणी. त्यातून चांदण्या, पानं, प्राणी, नावाची अक्षरं करा, दोरा ओवायला काडीने भोक पाडा आणि वाळू द्या. ओव्हन असेल तर शंभर-सव्वाशे अंशांवर दोन-तीन तास. नसेल तर हवेवरही वाळतं, फक्त काही दिवस लागतात. हे वाट बघणंही मला महत्त्वाचं वाटतं. रोज सकाळी उठून मूल चांदणीला बोट लावून बघतं, अजून मऊ आहे का.

माझा सगळ्यांत आवडता प्रयोग दुधाचा आहे. कपभर दूध उकळू न देता चांगलं गरम करायचं आणि त्यात चार छोटे चमचे व्हिनेगर घालून ढवळायचं. दूध फाटून गुठळ्या होतात. त्या गाळून, टिपकागदाने कोरड्या करून मळल्या की हवा तो आकार देता येतो, आणि दोन दिवसांत तो आकार टणक होतो. दुधातल्या केसीन या प्रथिनापासून असा पदार्थ करण्याचं पेटंट १८९९ मध्ये जर्मनीत घेतलं गेलं होतं आणि पुढे कित्येक वर्षं त्यापासून कपड्यांची बटणं होत असत. मुलाला सांगा, बटण दुधाचंही असू शकतं. ते आपल्या सदऱ्याच्या बटणाकडे नव्याने बघायला लागेल.

हे काही मी नव्याने शोधलेलं नाही. लहान मुलांच्या शिक्षणाचा पायाच असल्या साध्या सामानावर उभा आहे. फ्रेडरिक फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग इथे लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि १८४० मध्ये तिला किंडरगार्टन हे नाव दिलं. त्यांच्या पद्धतीत कागदाच्या घड्या, कागदाच्या पट्ट्यांचं विणकाम, मातीकाम तर होतंच, शिवाय एक फार सुंदर गोष्ट होती. भिजवून मऊ केलेले वाटाणे आणि बारीक काड्या. वाटाण्यात काडी खुपसायची, काडीच्या दुसऱ्या टोकाला दुसरा वाटाणा. बघता बघता घर होतं, पूल होतो. वाटाणे वाळले की सांधे पक्के होतात. मुलाला त्रिकोण आणि चौकोन यांतला फरक हातानेच कळतो, कारण चौकोन डुगडुगतो आणि त्रिकोण डुगडुगत नाही.

मारिया मॉन्टेसरी यांनी ६ जानेवारी १९०७ रोजी रोममध्ये कामगार वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. तिथे मुलं पाणी ओतायची, हात धुवायची, बटणं लावायची, म्हणजे घरातलीच कामं करायची. पुढे त्यांची साधनं जगभर गेली आणि महाग झाली. तेव्हा बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी काय केलं हे आपण विसरता कामा नये. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांनी महागडी साधनं बाजूला ठेवली आणि बिया, पानं, शिंपले, माती अशा परिसरात सापडणाऱ्या वस्तूंतूनच बालशिक्षणाची साधनं घडवली. आज आपण नेमका उलटा प्रवास करतोय. बिया आणि पानं अंगणात पडलेली असतात आणि प्लास्टिकची पानं पाकिटातून विकत येतात.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, डेन्मार्कमधल्या एम्ड्रुप इथे सोरेनसेन नावाच्या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून भंगाराचं क्रीडांगण उभं राहिलं. त्यांनी आखलेल्या सुबक बागांपेक्षा मुलं बांधकामाच्या जागी, फळ्या-विटांच्या ढिगात जास्त रमतात, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. १९७१ मध्ये सायमन निकल्सन यांनी ‘सुट्या भागां’चा विचार मांडला. हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू आणि त्यांचे प्रकार जितके अधिक, तितका कल्पकतेला वाव अधिक, असं त्यांचं म्हणणं. किटमध्येही भाग सुटेच असतात, पण ते एकाच पद्धतीने जोडता येतात. पुठ्ठ्याचा डबा मात्र सकाळी गुहा असतो, दुपारी होडी असतो आणि संध्याकाळी कचराही असू शकतो.

इथे आपल्याकडच्या एका लाडक्या शब्दप्रयोगाशी माझं भांडण आहे. ‘टाकाऊतून टिकाऊ’ हा तो शब्दप्रयोग. टाकाऊ मला मान्य आहे, पण टिकाऊ कशासाठी? साडेतीन वर्षांच्या मुलाने केलेली कागदाची फुलं टिकायला हवीत असं कुणी ठरवलं? टिकवायची म्हटलं की ती नीट व्हायला हवीत, नीट व्हायची तर मोठ्यांनी करायला हवीत. मग टाकाऊतून टिकाऊ करायला दुकानातून आइस्क्रीमच्या नव्या कोऱ्या काड्यांची पाकिटं येतात, घोटीव कागद येतो, ग्लू गन येते, चमकी येते. कुणी कधी न खाल्लेल्या आइस्क्रीमच्या काड्यांमधून ‘कचऱ्याचं सोनं’ केलं म्हणून त्या वस्तूला बक्षीस मिळतं. यातून मुलाला जे शिकवायचं होतं त्याच्या बरोब्बर उलटं आपण शिकवतो.

चमकीबद्दल थोडं अधिक बोलायला हवं. ती प्लास्टिकचे बारीक तुकडेच असतात. एकदा सांडली की कचऱ्यातून, पाण्यातून पसरत राहते, परत गोळा करता येत नाही. युरोपीय संघाने ऑक्टोबर २०२३ पासून सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले आहेत. चमक हवीच असेल तर मिठाच्या खड्यांना खाण्याचा रंग लावून वाळवा, उजेडात तेही चमकतात.

आता बक्षिसांचं. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला. चित्रं काढायला आवडणारी तीन ते पाच वर्षांची मुलं त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात तेच रंगाचे पेन ठेवले, तेव्हा प्रमाणपत्राच्या आशेने चित्रं काढलेल्या मुलांनी बाकीच्यांच्या जवळजवळ निम्माच वेळ चित्रांना दिला. जे काम ती आनंदाने करत होती ते बक्षिसासाठीचं काम झालं, आणि बक्षीस नाही म्हटल्यावर त्यातली गोडी गेली. सुट्टीनंतर वस्तू मांडून पहिला-दुसरा नंबर काढणाऱ्या प्रत्येक शाळेने हा प्रयोग आधी वाचावा, असं मला मनापासून वाटतं. आणि तिथे तर स्पर्धा बहुतेक वेळा पालकांचीच असते.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतात. दोन्ही खरे आहेत.

पहिला वेळेचा. दिवसभर काम करून दमून घरी आलेल्या आईबापांना खळ शिजवायला सांगणं सोपं आहे, करणं अवघड. किट अर्ध्या तासात होतं. मान्य. स्वस्तातली हस्तकला फुकट नसते, तिची किंमत वेळात द्यावी लागते. पण तो वेळ वेगळा काढायलाच हवा असं नाही. संध्याकाळचा स्वयंपाक होतच असतो. बटाटा चिरताना अर्धा बटाटा मुलाला द्या, त्यावर सुरीने एक त्रिकोण तुम्ही कोरा, आणि बीटाच्या सालीच्या रंगात बुडवून ते वर्तमानपत्रावर ठसे उमटवत बसेल. जांभळ्या कोबीची चार पानं उकळली तर पाणी जांभळं होतं, त्यात लिंबू पिळलं की गुलाबी, खाण्याचा सोडा घातला की निळसर-हिरवं. त्या पाण्यात कागद बुडवून वाळवला की भेटकार्ड तयार. मूल तुमच्या बाजूला असतं आणि स्वयंपाकही होतो. पसारा होतो, हे खरं. पण तीन वर्षांच्या वयापासून पसारा आवरण्यात मुलाचाही हात हवा. ते कामही मुलाच्या वाट्याचं असतं आणि बहुतेक घरांत आपण तेही काढून घेतो.

दुसरा आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. ‘घरात असेल त्यातून करा’ हे ज्यांच्या घरात भरपूर असतं त्यांना सुचतं. मासिकं, पुठ्ठ्याची खोकी, रंगीत वेष्टणं, रिकामे डबे हा सगळा कचरा भरपूर खरेदी करणाऱ्या घरात साठतो. ज्या घरात सामान सुटं येतं आणि कागदाचा प्रत्येक तुकडा कुठेतरी वापरला जातो, तिथल्या मुलाला ‘घरातलं टाकाऊ आण’ म्हणणं म्हणजे जे नाही ते मागणं. त्याची आई मग तेही कुठून तरी विकत आणते. म्हणून हे काम शाळेने, बालवाडीने, वाचनालयाने सामाईक करायला हवं. इटलीतल्या रेज्जो एमिलियामध्ये १९९६ पासून रेमिदा नावाचं केंद्र चालतं. कारखान्यांतून उरलेलं, टाकून द्यायचं सामान, म्हणजे कापडाच्या कडा, कागद, नळ्या, झाकणं, तिथे गोळा होतं आणि शाळांना मिळतं. एवढं मोठं काही नको. वर्गात एक मोठं खोकं असावं. ज्यांच्या घरी जास्त आहे त्यांनी वर्षभर त्यात टाकावं, आणि सुट्टीच्या आधी प्रत्येक मुलाने आपल्याला हवं ते निवडून एका पिशवीत घरी न्यावं. कुणी काय दिलं हे कुणाला कळत नाही आणि प्रत्येकाच्या पिशवीत निवडलेलं सामान असतं. बालवाडीत काम करणाऱ्या मैत्रिणींना हे मी पुन्हा पुन्हा सांगते, कारण निवडताना मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

खाऊ करतानाही हाच विचार लागू पडतो. मुलांबरोबर करायचा खाऊ असा हवा की ज्यात शिजवणं कमी आणि हाताचं काम जास्त. पिकलेल्या केळ्याच्या चकत्या गोठवून दुसऱ्या दिवशी मिक्सरमधून काढल्या तर आइस्क्रीमसारखा मऊ गोळा होतो, आणि सोलणं-मांडणं-गोठवायला ठेवणं सगळं मुलाने केलेलं असतं. खजूर मळून त्याचे प्राणी करता येतात. फळांच्या फोडी काडीला ओवताना रंगांचा क्रम लागतो, लाल-पिवळा-लाल-पिवळा. गणित तिथूनच सुरू होतं. मापाने मोजायचं काम मुलालाच द्या. अर्धी वाटी दोनदा म्हणजे एक वाटी, हे ते एकदा सांडल्यावर विसरत नाही.

मात्र काटकसर करताना सुरक्षिततेत काटकसर नको. कच्चं पीठ चाटू देऊ नये. ते स्वच्छ दिसलं तरी त्यात जंतू असू शकतात. २०१६ मध्ये अमेरिकेत ई. कोलाय या जंतूच्या एका साथीचा माग थेट पिठापर्यंत पोचला होता. मिठाची कणीक खाण्याची नाही हे आधी सांगावं आणि घरात कुत्रा असेल तर ती त्याच्यापासून लांब ठेवावी, इतकं मीठ त्याला घातक ठरतं. वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये. पाच वर्षांखालच्या मुलाला अख्खे दाणे आणि सुकामेवा देऊ नये, आणि द्राक्षं लांबीत चिरूनच द्यावीत. मणी, बिया, झाकणं यांच्यासाठी घरातच एक मापक असतं. टॉयलेट रोलची पुठ्ठ्याची नळी. जी वस्तू त्या नळीतून सहज पार होते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. आणि तयार सजावटीच्या वस्तूंमध्ये लुकलुकणाऱ्या दिव्यांच्या आत बटणाएवढे सेल असतात, त्यांना मी सगळ्यांत जास्त घाबरते. गिळलेला असा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत तिथे गंभीर भाजल्यासारखी जखम करू शकतो. खळ, पुठ्ठा आणि बटाट्याच्या ठशांच्या बाजूने बोलताना हा मुद्दाही मी मोजते.

शाळांनी एवढंच करावं. सुट्टीआधीच्या सूचनेत ‘वस्तू करून आणा’ हे वाक्य काढून टाकावं आणि त्याजागी ‘मुलाबरोबर काहीतरी करा आणि काय केलं ते मुलाला वर्गात सांगू द्या’ असं लिहावं. मांडणी नको, नंबर नकोत, भिंतीवरचे फोटो नकोत. सांगायला जे मूल उभं राहील त्याच्या शब्दांतच सगळं कळतं. “मी पीठ घातलं, मग आजीने गॅस लावला, मग ते जाड झालं” हे ज्याने केलंय तेच मूल सांगू शकतं.

माझ्या वर्गात एका वर्षी आम्ही सुट्टी सुरू होण्याआधी कागदाच्या कड्यांची साखळी केली होती. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पट्ट्या, खळ, आणि सुट्टीला जितके दिवस उरले होते तितक्या कड्या. रोज सकाळी एका मुलाने एक कडी फाडायची. फाडायची पाळी आपली कधी येणार यासाठी मुलं बोटांवर मोजायची आणि मोजण्यात एकमेकांना चूक काढून दाखवायची. शेवटच्या दिवशी एका मुलीने उरलेली एकमेव कडी फाडली, दोन्ही तुकडे खोक्यात टाकले आणि दप्तर उचलून धावत निघून गेली. खिळ्यावर काहीच उरलं नव्हतं.